क्लच माझा, गिअर तिचा

नांदेडच्या ज्या दैनिकात मी नोकरी करतो, तिथे काही वर्षं वाहन पुरवणी माझ्याकडे होती. ती दसऱ्याला आणि पाडव्याला निघायची. एका पुरवणीत मी लेख लिहिला होता: स्पोर्टी गाडी घेताना मॅन्युअल गिअरबॉक्स घ्यावा की दोन क्लचचा ऑटोमॅटिक. लेखात ज्या गाड्यांचा उल्लेख होता त्यांतली एकही मी चालवलेली नव्हती. कंपन्यांची प्रसिद्धिपत्रकं समोर होती, तेवढ्यावर भागलं. निष्कर्ष असा होता की शहरात फिरणाऱ्याने ऑटोमॅटिक घ्यावी आणि ज्याला गाडी चालवण्याचा आनंद हवा त्याने मॅन्युअल घ्यावी. लेखावर वाचकांचं एकही पत्र आलं नाही. आमच्याकडे हे लेख पटल्याचं लक्षण मानतात.

पुढे हाच निर्णय घरात घ्यायची वेळ आली तेव्हा आनंदाचा मुद्दा फारसा निघाला नाही. सासूबाईंनी लातुरात राहायचं की पुण्याला जायचं, हा मुद्दा होता.

सासूबाई लातूरला औसा रोडच्या बाजूच्या एका कॉलनीत एकट्या राहतात. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. निवृत्तीला बरीच वर्षं झाली. दुपारी जेवणं उरकली की आसपासच्या चार बायका त्यांच्या व्हरांड्यात जमतात आणि रमी खेळतात. पैसे लावत नाहीत, काडेपेटीतल्या काड्या लावतात. काड्यांवरून जी भांडणं होतात ती पैशांवरून झाली नसती. एकदा सासूबाई न्हाणीत घसरल्या. मोडलं काही नाही, पण सकाळी कामवाली येईपर्यंत त्या तिथेच बसून होत्या. त्यानंतर मेव्हणा, म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याहून आला आणि आता आईने माझ्याकडे यायचं, असं म्हणाला. त्याचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे. सासूबाई तिथे एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. तिथे रमीला कोणी नाही, आणि लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, एवढं त्यांनी सांगितलं होतं.

माझी बायको मध्ये पडली. नांदेडहून दर रविवारी आम्ही येऊ, दिवसभर थांबू, औषधं, भाजी, बँक, सगळं बघू, आणि आई इथेच राहील. मेव्हण्याने ते मान्य केलं. रविवार चुकला तर मात्र तो आईला घेऊन जाणार होता. तो वाईट माणूस नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

ही व्यवस्था सुरू झाल्यावर काही महिन्यांत माझा डावा खांदा धरला. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर असं नाव सांगितलं. साखर तपासायला लावली, ती निघाली. खांदा जसा येतो तसा जातो, वर्ष लागेल किंवा दोन लागतील, असं ते म्हणाले. हात पुढे जात होता, मागे जात नव्हता. गाडीच्या भाषेत याचा अर्थ असा की गिअरचा दांडा पुढे ढकलता येत होता, म्हणजे पहिला, तिसरा आणि पाचवा. मागे ओढता येत नव्हता, म्हणजे दुसरा आणि चौथा. कार्यालयात मी स्कूटरवर जायचो, तिला गिअर नाहीत. गाडी फक्त लातूरसाठी निघायची.

पहिले दोन-तीन रविवार आम्ही एसटीने गेलो. जाण्यायेण्यातच दिवस संपत होता आणि सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला तिथे पुन्हा रिक्षा शोधावी लागत होती. मग ड्रायव्हर शोधला. आमच्याकडे रविवारी मोकळा ड्रायव्हर मिळत नाही. रविवारी तो लग्नाला गेलेला असतो, स्वतःच्या किंवा गिऱ्हाइकाच्या घरच्या. शेवटी एका रविवारी मी म्हणालो की निघू तर खरं, जमेल तेवढं चालवतो.

लातूर फाट्यापर्यंत जमलं. सोनखेडच्या अलीकडे एका गतिरोधकावर तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं होतं आणि हात अर्ध्यातच थांबला. बायको शेजारी बसली होती. ती हायस्कूलात गणित शिकवते. मी म्हणालो, “दुसरा.” तिने उजव्या हाताने दांडा मागे ओढला. मी क्लच सोडला. गाडी गतिरोधकावरून गेली.

पुढे लातूरपर्यंत तसंच चाललं. पहिला, तिसरा, पाचवा माझ्याकडे, दुसरा आणि चौथा तिच्याकडे. क्लच माझा, ब्रेक माझा, स्टिअरिंग माझं. मी आकडा सांगायचा, तिने टाकायचा. सुरुवातीला ती दांड्याकडे बघून टाकायची, मग रस्त्याकडे बघून टाकू लागली. अहमदपूरच्या पुढे एकदा मी आकडा सांगायच्या आधी चौथा पडलेला होता. मी विचारलं, कसं कळलं. इंजिन ओरडायलं होतं, ती म्हणाली.

तिच्याकडे ड्रायव्हिंग लायसन्स होतं. लग्नानंतर लवकरच काढलेलं. ते पत्त्याचा पुरावा म्हणून वापरात होतं. गाडी तिने कधी चालवली नव्हती, कारण घरात चालवणारा एक होता आणि गाडीही एकच होती.

पावसाळा संपेपर्यंत विषम आकडेही तिच्याकडे गेले. ठरवून नाही. माझा हात दांड्यावर पोचायच्या आत तिचा असायचा. गिअर ज्याच्या हातात असतो, ओव्हरटेक करायचा की नाही हे तोच ठरवतो, हे मला तेव्हा कळलं. पुढे उसाची ट्रॉली असली आणि मला निघायचं असलं तर तिसरा लागतो. तो तिने टाकला तर निघायचं, नाही टाकला तर ट्रॉलीच्या मागे चाकूरपर्यंत. यावरून आमचे वाद झाले. मी म्हणायचो, समोरचं मला दिसतं. ती म्हणायची, मला काय मागचं दिसतं का. वादाच्या वेळीही गिअर वेळेवर पडत होते, हे नमूद करायला हवं.

हे कायद्यात बसतं का, याची मी चौकशी केली. परिवहन विभागातल्या एका ओळखीच्या माणसाला वाचकाचा प्रश्न म्हणून विचारलं. त्याने वाचक कुठला म्हणून विचारलं. मी विषय बदलला.

लातुरात ही गोष्ट लपवायची ठरली होती. कॉलनीच्या कोपऱ्यावर आलो की ती हात मांडीवर घ्यायची आणि उरलेलं अंतर मी पहिल्यातच कापायचो. पण एका रविवारी सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्या मागच्या सीटवर बसल्या. बाजारातल्या गंजगोलाईच्या गोल चौकाला वळसा घालेपर्यंत त्या पुढच्या दोन सीटांमधून बघत होत्या. मग विचारलं, “हे असं कधीपासून?”

बायको म्हणाली, पावसाळ्याच्या आधीपासून.

“त्याला सांगू नका,” सासूबाई म्हणाल्या. मुलाबद्दल बोलत होत्या. पुढे दवाखाना येईपर्यंत त्यांनी आम्हाला रस्ता दाखवला, जो आम्हाला माहीत होता.

मेव्हण्याला गिअरबद्दल कोणी सांगितलं नाही, पण खांद्याबद्दल माहीत होतं. त्याने एकदा फोन केला. मी दर रविवारी येतो आहेच, असं सांगितल्यावर तो म्हणाला की याचं त्याला कौतुक वाटतं. मग फोन बहिणीला द्यायला सांगितला. स्पीकर चालू होता.

“ताई, प्रश्न रविवारचा नाही. प्रश्न बुधवारचा आहे. बुधवारी आई पडली आणि दाजी ऑफिसात असले, तर तू काय करशील?”

ती म्हणाली, एसटी आहे.

“एसटीनं तू पोचशील तोवर मी पुण्याहून पोचतो.”

हे खरं नव्हतं, पण अगदीच खोटंही नव्हतं. त्याने दिवाळीनंतरच्या आठवड्यात येण्याचं ठरवलं होतं. जाताना तो आईला घेऊन जाणार होता. परतीची दोन तिकिटं त्याने काढली होती. रेल्वेची तिकिटं आधी काढावी लागतात, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

त्याच सुमारास आमची जुनी गाडी संपली. क्लच प्लेट गेली होती, नोंदणीची मुदतही संपत आली होती. माझ्या मनात एक गाडी बरीच वर्षं होती. लहान, बुटकी, टर्बो इंजिनची, कडक सस्पेन्शनची. या वयात अशी गाडी का, हे सेल्समनने विचारलं नाही. बाकी सगळ्यांनी विचारलं. ती गाडी दोन्ही प्रकारांत मिळत होती, सहा गिअरचा मॅन्युअल किंवा दोन क्लचचा ऑटोमॅटिक. इंजिन तेच.

शोरूममध्ये सेल्समनने ऑटोमॅटिकची माहिती दिली. यात आतमध्ये दोन क्लच असतात. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक काम करत असतो तेव्हा दुसरा पुढचा गिअर तयार ठेवून बसलेला असतो, म्हणून बदल कळतसुद्धा नाही. हे सगळं मी स्वतः छापलेलं होतं. तरी मी बायकोकडे पाहिलं. ती ब्रोशर वाचत होती.

“जमतं त्यांचं?” तिने विचारलं.

“कुणाचं मॅडम?”

“दोन क्लचचं एकमेकांशी.”

सेल्समन म्हणाला की कॉम्प्युटर असतो त्याला.

चाचणीसाठी गाडी बाहेर काढली. मी चालवायला, बायको शेजारी, सेल्समन मागे. शोरूमच्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ठीक होतं. नंतर गाडीने वेग घेतला, इंजिनाचा आवाज चढला, आणि गेल्या काही महिन्यांत अशा आवाजावर जे होत आलं होतं ते झालं. माझा डावा पाय क्लचवर गेला. तिथे क्लच नव्हता, ब्रेकचं रुंद पेडल होतं, आणि मी ते क्लचसारखं तळापर्यंत दाबलं. त्याच क्षणी बायकोने दांडा मागे ओढला. तो स्पोर्ट मोडमध्ये गेला. इंजिन गरजलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. मागून येणाऱ्या पिकअपवाल्याने हॉर्न वाजवला आणि गाडी बाजूने काढली. सेल्समन दोन सीटांच्या मध्ये खांद्यापर्यंत आलेला होता.

“मॅडम, तुम्ही काय करायलात?” तो म्हणाला.

“दुसरा टाकला.”

“यात दुसरा टाकायचा नसतोय मॅडम. म्हणजे असतोय, पण त्याचा तो पडतोय.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “आणि सर, तुम्ही?”

मी सांगितलं की मी क्लच दाबला.

त्याने सीटखाली चाचपून पाहिलं. चष्मा शोधून डोळ्यांवर घातला. नंतर अतिशय नम्रपणे म्हणाला, “मग गाडी नेमकं कोण चालवायलंय?”

बायको म्हणाली, आता मी चालवून बघते.

आम्ही जागा बदलल्या. सेल्समनने सीटबेल्ट लावला. मागच्या सीटवर बेल्ट लावणारा माणूस मी नांदेडमध्ये प्रथमच पाहिला. तिने डी, म्हणजे ड्राइव्ह, लावलं, ब्रेक सोडला आणि गाडी चालू लागली. काही अडचण आली नाही. जन्मभर गाडीच्या डाव्या सीटवर बसलेली बाई पहिल्याच दिवशी वाहतुकीत गाडी चालवत होती. वळवून आणली, शोरूमसमोर उभी केली. सेल्समनने अभिनंदन केलं. तो मनापासून करत होता, तो स्वतः सुखरूप होता.

माझ्या दृष्टीने निर्णय झाला होता. आनंद हवा तर मॅन्युअल घ्या, असं छापणाऱ्याने ऑटोमॅटिक घ्यायचं मनाशी पक्कं केलं होतं. बुधवारचा प्रश्न एका बटणावर सुटत होता. मेव्हण्याला फोनवर कळवलं तेव्हा तोही म्हणाला, उत्तम, ऑटोमॅटिकच घ्या, मी आठ वर्षं तीच वापरतो, ताई आठवड्यात शिकेल, विषय संपला. असं झालं तर आपण दुसरं तिकीट रद्द करू, असंही तो म्हणाला.

रात्री जेवताना बायको म्हणाली, मॅन्युअल घ्यायची.

मला वाटलं ती माझ्यासाठी म्हणते आहे. मी म्हटलं, आनंदाचं राहू दे.

“आनंदाचं नाही. ती गाडी माझ्याआधी ठरवती.”

शोरूमकडे परतताना ती एका ट्रॅक्टरच्या मागे होती, तेव्हाचं सांगत होती. तिला तिसऱ्यात मागे थांबायचं होतं. गाडीने आपणहून चौथा टाकला. मग तिने थोडं पेडल दाबलं तर गाडीने एकदम दोन गिअर खाली उतरून उडी मारली. आपल्याला जे करायचं नव्हतं ते करून झालं होतं, असं ती म्हणाली. लातूरच्या रस्त्यावर दर रविवारी आपण इतका वेळ जे करतो ते हेच, की कधी थांबायचं आणि कधी निघायचं.

मी व्यावहारिक बाजू मांडली. ऑटोमॅटिक घेतली तर ती उद्या एकटी जाऊ शकते. मॅन्युअल घेतली तर क्लच शिकावा लागेल, तिला पन्नाशी आली आहे, दिवाळीला दीड महिना आहे, आणि शिकून झालं नाही तर तिची आई पुण्याला जाईल. हे मी स्पष्ट शब्दांत सांगितलं. पत्रकाराने धोका स्पष्ट सांगावा असं मानलं जातं.

तिने ताटातली भाकरी मोडली. “अर्धी गाडी मला येती,” ती म्हणाली. “ती अर्धी टाकून द्यायची, अन् दुसरी अर्धी येत नाही म्हणून तीच काढून टाकलेली गाडी घ्यायची. असं कसं? राहिलेली अर्धी शिकते की.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर आई जाईल,” ती म्हणाली. “मला माहीत आहे काय पणाला लागलंय ते.”

गाडी तिच्या नावावर घेतली. मॅन्युअल. रंग लाल, कारण दुसऱ्या रंगाला थांबावं लागणार होतं. सेल्समनने किल्ली देताना दोघांकडे पाहिलं आणि ती कोणाच्या हातात द्यावी याचा विचार केला. शेवटी टेबलावर ठेवली.

शिकणं नव्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, झालं. सुट्टीच्या दिवशी मोंढ्यात पोती नसतात, हमाल नसतात, आडत्यांच्या दुकानांचे शटर बंद असतात आणि रस्ते रुंद असतात. ती उजवीकडे बसली, मी डावीकडे. पहिल्या दिवशी गाडी बंद पडण्याखेरीज काही झालं नाही. तिला गिअर येत होते, म्हणून अडचण वाढत होती. हात पुढे जायचा आणि पाय मागे राहायचा. क्लच पूर्ण दाबायच्या आत दांडा हललेला असायचा आणि गिअरच्या पेटीतून आवाज यायचा. इतके महिने पाय दुसऱ्याचा होता. आता दोन्ही एकाच शरीरात होते आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं.

मी सवयीने आकडे सांगत होतो. “दुसरा,” मी म्हणायचो.

“मला माहीत आहे,” ती म्हणायची.

“क्लच.”

“तो सांगा. बाकी सांगू नका.”

तेव्हा मी फक्त क्लच, क्लच असं म्हणत राहिलो. सपाटीवर महिन्याभरात जमलं. चढावर जमत नव्हतं. गोदावरीच्या पुलाचा चढ आहे, तिथे सिग्नलच्या गर्दीत गाडी थांबली की मागे जायला लागायची आणि मागच्या रिक्षावाल्याचा चेहरा आरशात मोठा होत जायचा. हँडब्रेक ओढून कसं निघायचं हे मी सांगितलं. मी स्वतः तसं कधी करत नाही, त्यामुळे सांगताना चूक झाली आणि तिने ती दुरुस्त केली.

दिवाळीआधीच्या शेवटच्या रविवारी लातूरला जाताना सगळा रस्ता तिने चालवला. लोह्याच्या बसस्थानकासमोर गतिरोधकावर गाडी बंद पडली. सुरू केली, पुन्हा बंद पडली. चहाच्या हॉटेलातून एक जण ओरडला, “ताई, क्लच हळू सोडा.” दुसऱ्याने त्याला सांगितलं की हळू नाही, आधी ॲक्सिलेटर द्यावा लागतोय. यावरून त्यांचं तिथे जुंपलं. तिसऱ्या वेळी गाडी निघाली. पुढच्या गावापर्यंत तिने गाडी चौथ्यात नेली. मग विचारलं, यांच्यातलं बरोबर कोण होतं? मी म्हटलं, दोघंही. ती म्हणाली, म्हणून तर बंद पडायलीय.

सासूबाईंना त्या दिवशी कळलं की मुलगी चालवत आली. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, लाल रंगावरून हात फिरवला. आत गेल्यावर त्यांनी एक पिशवी दाखवली. पुण्याला न्यायच्या साड्या त्यांनी घडी करून त्यात ठेवल्या होत्या. ठरलं तर ऐनवेळी धावपळ नको, असं म्हणाल्या. बायकोने ती पिशवी पाहिली आणि कपाटात परत ठेवली.

मेव्हणा दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे आला. त्याची रेल्वे सकाळी लातूरला पोचत होती. स्टेशनवर न्यायला येते, असं बायकोने त्याला आदल्या दिवशी कळवलं. कोण बरोबर आहे, हे त्याने विचारलं नाही. मला त्या दिवशी कार्यालयात सुट्टी नव्हती आणि ती मी मागितलीही नव्हती. उजाडताच ती निघाली. मी फाटक उघडलं. ती पहिल्याच प्रयत्नात बाहेर पडली आणि लातूर फाट्याच्या दिशेने वळली. त्यानंतर मी दिवसभर बातम्या तपासल्या. जिल्ह्यातल्या अपघाताची प्रत्येक बातमी मी त्या दिवशी स्वतः वाचली, हे माझ्या कामात बसत नव्हतं. उपसंपादकाने विचारलं, काही खास शोधताय का. मी नाही म्हणालो.

संध्याकाळी अंधार पडायच्या सुमारास ती परत आली. काच खाली केली.

“आई तिथंच राहतीय,” ती म्हणाली. “बाजूला व्हा, आत घेऊ द्या.”

मुख्य बातमी एवढी. तपशील मी नंतर दोन्हीकडून गोळा केला, आणि तो जुळत नाही.

स्टेशनसमोर मेव्हण्याने गाडीत डोकावून पाहिलं आणि दाजी कुठे आहेत असं विचारलं, यावर दोघांचं एकमत आहे. ऑफिसात, असं ती म्हणाली. स्टेशनच्या आवारातून बाहेर पडताना गाडी बंद पडली, हेही दोघं मान्य करतात. ती म्हणते एकदा. तो म्हणतो, मोजलं नाही. त्याने विचारलं, “ताई, मी घेऊ का?” आणि ती म्हणाली, “बॅग मागं ठेव, मला आरसा दिसत नाही.” घर येईपर्यंत तो दाराच्या वरची मूठ धरून बसला होता. हे तिने सांगितलं. त्याने सांगितलेल्या हकिगतीत ही मूठ नाही.

दुपारी सासूबाईंचे डोळ्यांत घालायचे थेंब संपले होते. मेव्हणा म्हणाला, मी आणतो, किल्ली दे. व्हरांड्यात रमी चालू होती. तो गाडीत बसला, सुरू केली, आणि गाडीने एक धक्का खाऊन दम सोडला. त्याने पुन्हा सुरू केली. आठ वर्षांत त्याचा डावा पाय काहीही करायला विसरला होता. प्रत्येक धक्क्याला गाडी फाटकाच्या दिशेने हातभर सरकत होती. चारही बायकांनी पत्ते खाली धरले. एकीने, मागून ढकलायचं का, असं विचारलं.

सासूबाईंनी हातातले पत्ते न सोडता मुलाकडे पाहिलं. “पुण्यात तुला कोण चालवून देतं?” त्या म्हणाल्या.

तो उतरला आणि किल्ली बहिणीला दिली. मेडिकलपर्यंत दोघं गेले. त्या रस्त्यात काय बोलणं झालं याला त्या दोघांखेरीज साक्षीदार नाही. तो म्हणतो, त्याने तिला विचारलं की आडवेळी फोन आला तर निघशील का, आणि ती म्हणाली, निघेन, बंद पडत पडत येईन पण येईन. ती म्हणते, त्याने असं विचारलं नाही, तो नुसता तिच्या पायांकडे बघत होता. परत येताना गंजगोलाईजवळच्या गर्दीत एका हातगाडीमागे ती दुसऱ्यात हळूहळू चालत राहिली, हॉर्न न वाजवता, हातगाडी वळेपर्यंत. तेव्हा तो म्हणाला, ठीक आहे. हे ‘ठीक आहे’ त्यालाही आठवतं.

त्याने एक तिकीट रद्द केलं आणि दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला. सासूबाई त्याला दारापर्यंतच सोडायला आल्या, व्हरांड्यात बायका रमीसाठी थांबल्या होत्या.

आता फक्त मुदतीचा वाद उरला आहे. बायको म्हणते, पुढच्या दिवाळीपर्यंत बघू, असं तो म्हणाला. मेव्हणा म्हणतो, त्याने गुढीपाडव्यापर्यंत असं म्हटलं होतं. मी सासूबाईंना फोन करून खात्री करायचा प्रयत्न केला. त्यांनी प्रश्न दोनदा नीट ऐकून घेतला. मग म्हणाल्या की त्यांनी कुठलीच मुदत ऐकलेली नाही, आणि पत्ते वाटून झालेत, ठेवते.